शून्य अंशाचं पाणी

वैशाख लागला की अकोल्यात बर्फाच्या हातगाड्या फिरायला लागतात. लादीवर भुसा, भुशावर ओलं गोणपाट, आणि गाडीमागं रस्त्यावर पाण्याची एक बारीक रेघ. गाडी दहा पावलं पुढं जाते न जाते तोच ती रेघ वाळलेली असते. लोकांना बर्फ दिसला की गार वाटतं. माझा घसा कोरडा पडतो. परवा मी इंटरचे पेपर तपासत बसलो होतो. खिडकीखालून गाडी गेली, गोणपाटाचा आणि भुशाचा ओला वास वर आला, आणि मी लाल पेन खाली ठेवलं. पुढचा अर्धा तास एकाही पोराला मार्क देता आले नाहीत.

त्या वासाची मला चव ठाऊक आहे. असं म्हणणारा माणूस अकोल्यात दुसरा कुणी नसेल.

अमरावतीच्या कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या इमारतीच्या टोकाला, एक अंधारी खोली होती. सहा-सात वर्षांपूर्वीचा एक अख्खा उन्हाळा मी त्या खोलीत काढला. एम.एस्सी. झालो होतो, आणि आमच्या सरांच्या हाताखाली संशोधन करत होतो. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला. हे मी सांगतो तेव्हा लोकांना बढाई वाटते. वाटू दे. ज्या घरात पाटीसुद्धा माझ्याबरोबरच पहिल्यांदा आली, त्या घरातून मी चुंबकाच्या दोन ध्रुवांमधल्या त्या खोलीपर्यंत गेलो होतो, आणि तिथं माझी जागा मी कमावलेली होती.

खोलीत मधोमध एक विद्युतचुंबक. फिरत्या बैठकीवर बसवलेला, बैठकीवर अंशांच्या खुणा. त्याच्या दोन तोंडांमध्ये, ताणलेल्या बारीक तारेला टांगलेली, ज्वारीच्या दाण्याएवढी काळी चकचकीत गोळी. फेराइटचा एकच सलग स्फटिक घासून केलेली. निकेल आणि लोखंडाचं ते संयुग, त्यात किंचित कोबाल्ट. मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं सरांच्या शब्दावर ती गोळी उसनी दिली होती, आणि ज्येष्ठ लागायच्या आत ती परत जायची होती.

या स्फटिकाला एक आवडती दिशा असते. चुंबकत्व त्या दिशेनं सहज लागतं, दुसरीकडं वळवायला गेलं की तो अंग चोरतो. आपण चुंबक फिरवावा तर गोळी तारेला पीळ देत आपल्या दिशेकडं ओढ घेते. पुस्तकात याला विषमदिकता म्हणतात. आईला सांगताना मी हट्ट म्हणायचो. गोळी तापवली की हा हट्ट कमी होत जातो. किती तापवली की किती कमी होतो, एवढंच मला मोजायचं होतं. गोळीच्या वर एक इवलासा आरसा, त्यावरून उडून पट्टीवर पडणारा प्रकाशाचा ठिपका. चुंबक दहा अंश फिरवायचा, ठिपका थांबेपर्यंत श्वास धरायचा, आकडा लिहायचा. पुन्हा दहा अंश. एका तापमानाला एकोणीस आकडे. मग गोळीभोवतीच्या विजेच्या भट्टीचा प्रवाह वाढवायचा, तापमान पाच अंश चढू द्यायचं, पुन्हा एकोणीस.

खिडक्यांना काळे कागद लावलेले. पंखा लावायचा नाही, तार हलते. सकाळी आठालाच खोली भट्टीसारखी तापलेली असायची. गोळीचा हट्ट वितळायच्या आधी माझा वितळेल, असं मी सरांना एकदा म्हणालो होतो. सर हसले नाहीत. सरांना विनोद चालायचा, पण आकडे घेताना नाही.

सरांचा एक नियम होता. वहीत चुकलेला आकडा रबरानं पुसायचा नाही, गिरवायचा नाही. त्यावर लाल शाईनं एकच आडवी रेघ ओढायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सरांची सही घ्यायची. “चूक लपवली तर ती पुढच्या पानावर जाऊन बसते, तायडे,” असं ते म्हणायचे. मला ते नेहमी तुम्ही म्हणत. इतर पोरांना अरे-तुरे करत. या फरकाचं काय करायचं ते मला कधीच कळलं नाही.

आता पाण्याचं.

आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीला पाणी आहे, पण ते खारं. तेही आमच्या लोकांना उंचावरून ओतून मिळायचं. खाली उकिडवं बसायचं, ओंजळ धरायची, वरून धार. माझे बाबा छप्पन साली नागपूरला जाऊन आले, दीक्षा घेऊन. आल्या आल्या आम्हां भावंडांना समोर बसवून एकच गोष्ट म्हणाले, “आजपासून ओंजय धरायची नाई. मेलो तरी चालते.” आईनं विचारलं, “अन् तहान लागली तं?” बाबा म्हणाले, “तहान लागू दे. तहानेनं इज्जत जात नाई.”

त्या उन्हाळ्याच्या पहिल्याच आठवड्यात मी दुपारी व्हरांड्यातल्या माठापाशी गेलो. किसनराव शिपाई तिथं बसले होते. भला माणूस, तोंडात तंबाखू. त्यांनी उठून ओगराळ्यानं पाणी काढलं, उंच धरलं, आणि म्हणाले, “घ्या.”

मी म्हणालो, “राहू द्या. तहान नाही.”

आणि परत आलो.

माठावर त्या दिवशी पेला होता की नव्हता, हे मी पाहिलं नाही. कदाचित फुटला असेल. कदाचित ते सगळ्यांनाच तसं पाणी देत असतील. ठिपका अर्धा मिलिमीटर हलला तर लिहून ठेवणारा मी, पण एवढी एक गोष्ट मान वर करून पाहिली नाही. नंतर विचारलीही नाही. विचारायचं म्हणजे उत्तर ऐकायची तयारी पाहिजे.

सोबत बाटली आणता आली असती, असं कुणी म्हणेल. वसतिगृहातून सायकलवर येताना हँडलला लावली की झालं. पण माठ असताना बाटली कशाला, असं कुणी विचारलं असतं तर? मी ठरवलं, मला तहान लागत नाही. सकाळी वसतिगृहात पोटभर पाणी पिऊन निघायचं, संध्याकाळी परत जाऊन प्यायचं. बावीस-तेवीस वर्षांचं वय, असं काही ठरवता येतं त्या वयात.

दुपारी बारा वाजता मात्र जीभ टाळूला चिकटायची. आणि खोलीत पाणी होतं.

गोळीचं तापमान मोजायला दोन धातूंच्या तारांची जोडी होती. तिचं एक टोक गोळीपाशी, दुसरं तेल भरलेल्या काचेच्या नळीतून थर्मासमध्ये, बर्फात. बर्फातलं टोक बरोबर शून्य अंशाला राहिलं तरच गोळीपाशचं तापमान बरोबर कळतं. रोज सकाळी मी गाडीवरून बर्फ आणायचो, गोणपाटात घालून बत्त्यानं फोडायचो, थर्मास भरायचो. दुपारपर्यंत निम्मा बर्फ वितळायचा. पासष्ट अंशांचे आकडे घेऊन झाले की मी दार लोटून डबा खायचो, थर्मासचं बूच काढायचो, आणि वितळलेलं पाणी झाकणात ओतून प्यायचो. सगळं. शेवटच्या थेंबापर्यंत. बर्फाचे खडे दाताशी यायचे. भुशाचा वास, गोणपाटाचा वास, आणि दात शिवशिवतील असा गारवा. अमरावतीत त्या घटकेला माझ्याइतकं गार पाणी कलेक्टरसुद्धा पीत नसेल, असा विचार करून मला बरं वाटायचं.

मग सत्तर अंशांचे आकडे.

तिथंच ती सापडली. कागदावर आलेख काढला की रेघ चाळीस अंशांपासून संथ उतरत यायची, आणि सत्तरला एकदम पायरी उतरल्यासारखी खाली जायची. पुढं हळूहळू वर येऊन मूळ उताराला मिळायची. पहिल्या दिवशी मी ती चूक समजलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. आठवडाभर रोज, सत्तरला, न चुकता. कुठल्याही छापील लेखात अशी पायरी नव्हती. सर माझ्या मागं उभे राहून आलेख पाहत होते. बराच वेळ पाहून म्हणाले, “हे जर खरं असेल, तायडे, तर तुम्ही इथं राहणार नाही.”

त्यांनी मुंबईला पत्र लिहिलं. उत्तर आलं. पायरी टिकली तर मुलाला आमच्याकडं पाठवा, पुढचं काम तो इथंच करील. सरांनी ते पत्र मला वाचायला दिलं. मी ते तीनदा वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. मुंबईची प्रयोगशाळा. गोळी जिथून आली तिथं मी जाणार होतो. त्या रात्री मी बाबांना कार्ड टाकलं की एकदा येऊन माझं काम पाहून जा, मग मी लांब जाईन.

बाबा एसटीनं आले. धोतर, डोक्याला उपरणं, खांद्याला कॅनव्हासची छागल. छागलीतून पाणी झिरपून त्यांचा सदरा एका बाजूनं ओला झालेला. मी त्यांना खोलीत नेलं, स्टुलावर बसवलं. त्यांनी वाकून, डोळा बारीक करून पाहिलं.

“हेच का ते गोयी?”

“हो.”

“अन् तिच्यापायी येवढा मोठा लोहचुंबक?”

“हो, बाबा.”

“मंग करते काय ते?”

“आपलीच दिशा धरून राह्यते. वळवली तं वळत नाई. तापवली का हट्ट कमी होते.”

बाबा जरा विचार करून म्हणाले, “तुह्या मायचा तं तापल्यावर वाढते.”

मी इतका हसलो की ठिपका पट्टीबाहेर गेला. तो सबंध संच पुन्हा घ्यावा लागला. बाबा भिंतीला टेकून बसून राहिले, हूं की चूं नाही. दुपारी मी डबा उघडला. थर्मासकडं हात गेला, तेवढ्यात त्यांनी छागल पुढं केली. “पानी कुठी पेतं तू इथी?”

“हाये बाहेर. माठ.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या फुटलेल्या ओठांकडं पाहिलं असणार.  छागल माझ्या मांडीवर ठेवली. गावचं पाणी, खारं, कॅनव्हासचा वास असलेलं, पण गार. मी गटागटा प्यालो. दिवसभर तेच प्यालो. संध्याकाळी त्यांना एसटीत बसवताना ते म्हणाले, “छागल राहू दे तुह्यापाशी.” मी म्हणालो, “कावून? तुमाले रस्त्यानं लागंल.” ते म्हणाले, “मले बुढ्याले किती लागते.” तरी मी ती परत त्यांच्या खांद्याला अडकवली. आजही तो पट्टा बोटांना जाणवतो.

वसतिगृहात येऊन मी आलेख काढला. पायरी नव्हती.

रेघ चाळीसपासून नव्वदपर्यंत गुळगुळीत उतरत गेली होती, पुस्तकातल्यासारखी. मला राग आला. बाबांशी बोलण्याच्या नादात काहीतरी चुकलं, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. पायरी परत आली. मी खूश झालो. तिसऱ्या दिवशी दुपारी थर्मासचं झाकण तोंडाला लावता लावता हात थांबला. काल आणि परवात फरक काय होता? परवा मी हे पाणी प्यालो नव्हतो.

नुसत्या बर्फानं शून्य अंश राहत नाही. खड्यांच्या फटीत पाणी भरलेलं लागतं, तेव्हा त्या नळीला बर्फ सगळीकडून भिडतो. मी पाणी पिऊन टाकत होतो. मग नळीभोवती हवा राहायची, खोलीची आग काचेतून खाली उतरायची, आणि तासा-दोन तासांत आणखी बर्फ वितळून फटी पुन्हा भरेपर्यंत माझा शून्य शून्य नसायचा. गोळी सत्तरच्या वर गेलेली असायची आणि मी सत्तर लिहायचो. मुंबईनं ज्या पायरीसाठी मला बोलावलं होतं ती गोळीत नव्हतीच. ती माझी तहान होती.

चार दिवस मी कुणाला सांगितलं नाही. हे लिहायला मला आवडत नाही, पण लिहितो. गोळी परत जायला आठ दिवस होते. मी गप्प राहिलो असतो तर मुंबईला गेलो असतो. तिथल्या कुणीतरी सहा महिन्यांनी पायरी खोटी ठरवली असती, आणि मग माझ्यामागं काय बोललं गेलं असतं तेही मला ऐकू येत होतं. नुसतं ‘तायडे चुकला’ एवढ्यावर ते थांबलं नसतं. माझ्यामागून येणाऱ्या प्रत्येकाच्या आकड्यांवर लोकांनी बोट ठेवलं असतं. त्या भीतीनं मी सरांकडं गेलो. सचोटीनं गेलो असं म्हणायला मला आवडलं असतं.

सर वाचत होते. मी वही समोर ठेवली. “सर, पायरी खोटी आहे. थर्मासमधलं पाणी कमी होत होतं. शून्य सरकत होता.”

त्यांनी चष्मा काढला. “पाणी गेलं कुठं?”

“आटलं असेल, सर. ऊन फार आहे.”

“बूच लावलेल्या थर्मासमधून?”

मी वहीकडं पाहत राहिलो. सर माझ्याकडं पाहत होते. बाहेर व्हरांड्यात किसनराव कुणाशी तरी खाकरत बोलत होते.  मग सरांनी लाल दौत पुढं सरकवली. “रेघा ओढा,” ते म्हणाले. पायरीच्या सगळ्या दिवसांच्या, सत्तरच्या आसपासच्या आकड्यांवर मी एकेक आडवी रेघ ओढली, शेजारी बाबा आले त्या दिवशीचा आकडा लिहिला, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी सही केली. एकदाही मान वर केली नाही. मुंबईला पत्र त्यांनी त्याच दुपारी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत गेलो तर काळ्या कागदाच्या खिडकीखाली एक नवा माठ. लाल, कोरा, अजून मातीचा वास असलेला. त्यावर पितळी पेला पालथा घातलेला. मी किसनरावांना विचारलं, “हा कोणासाठी?”

“आता मले काय मालूम? सरायनं सांगतलं, खोलीत एक माठ ठेव. ठेवला.”

मी त्या माठाकडं पाहत उभा राहिलो. व्हरांड्यात सगळ्यांचा एक माठ होता. आता खोलीत माझा एक. ही माया होती की मला बाजूला मांडलेला वेगळा पाट होता? थर्मासमध्ये बर्फ भरून झाल्यावर फटी भरायला पाणी हवं होतं. ते मी त्या माठातलं घेतलं. गोळीच्या कामासाठी घ्यायला माझी हरकत नव्हती.

बाराच्या सुमाराला सर आले. आकडे पाहिले, सत्तरला ठिपका कुठं आहे ते पाहिलं. रेघ सरळ जाणार हे दोघांनाही कळलं. मग ते माठापाशी गेले, पेला सुलटा केला, आत बुडवून पाणी घेतलं, आणि तिथंच उभे राहून तोंड लावून सगळं प्यायले. पेला पुन्हा भरला. न धुता, तसाच. माझ्यापुढं धरला.

“घ्या, तायडे.”

पेल्याच्या कडेला त्यांच्या ओठांचा ओलावा दिसत होता. तळाशी पाणी हलत होतं. माझा घसा असा सुकलेला की गिळताना आवाज झाला असता म्हणून मी आवंढा गिळला नाही.

“तहान नाही, सर,” मी म्हणालो.

त्यांनी पेला दोन क्षण तसाच धरला. मग माठावर ठेवला, भरलेला, आणि निघून गेले. संध्याकाळी मी वहीचं पान पुरं केलं तेव्हाही तो भरलेलाच होता.

गोळी मुंबईला गेली, मी गेलो नाही. गुळगुळीत रेघेचं कुणाला काय कौतुक? माझ्या कामावर शेरा आला तो असा की मोजणी काळजीपूर्वक केलेली आहे. वर्षभरानं मी अकोल्याला नोकरीला लागलो. सर दोन वर्षांनी गेले. उन्हाळाच होता. मला चार दिवसांनी पोस्टानं कळलं.

आता माझ्या प्रयोगशाळेत माठ आहे. रोज सकाळी मी स्वतः भरतो. पेले दोन, दोरीनं बांधलेले, म्हणजे हलवता येत नाहीत. कुठला पोरगा पाणी प्यायला उठतो आणि कुठला दिवसभर उठत नाही, ते प्रात्यक्षिक घेता घेता माझ्या लक्षात येतं. न उठणाऱ्याला मी काही म्हणत नाही. काय म्हणावं ते अजून सुचलेलं नाही.

ती वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. बर्फाची गाडी गेली की ती काढतो. लाल रेघा विटून तपकिरी झाल्यात, खालचे आकडे अजून वाचता येतात, प्रत्येक दुरुस्तीशेजारी सरांची बारीक सही आहे. त्या उन्हाळ्यात मी दिलेला प्रत्येक चुकीचा आकडा तिथं सुधारलेला आहे. एक सोडून. तो मी वहीत लिहिला नव्हता, तोंडानं सांगितला होता, दुपारी बारा वाजता, भरलेल्या पेल्यासमोर. त्याच्यावर रेघ ओढायची माझी कधीची तयारी आहे. शेजारी सही करायला सर नाहीत.